थकलेलं कर्ज: वसुलीचा फोन आणि सिबिलमधली नोंद, दोन्ही कसं हाताळावं

"मॅडम, दोन लाखांचं सव्वा लाखात मिटवून देतो. आज संध्याकाळपर्यंत भरा, उद्यापासून एकही फोन येणार नाही."

हा फोन माझ्या मावसबहिणीला आला, तेव्हा आठ महिने रोजचे फोन घेऊन ती पार थकली होती. तिने पाटल्या गहाण ठेवल्या आणि पैसे भरले. फोन खरोखरच थांबले. तीन वर्षांनी तिने घरासाठी कर्जाचा अर्ज केला, तेव्हा बँकेतल्या अधिकाऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून तिला एक शब्द दाखवला. त्या जुन्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलेलं होतं. अर्ज तिथेच अडला.

तिने चूक केली असं मी म्हणणार नाही. वसुली थांबवणं आणि क्रेडिट रिपोर्टमधली, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याच्या अहवालातली, आपली नोंद नीट करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. फोन करणाऱ्याला पहिल्या कामात रस असतो. दुसरं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, आणि ते कागदावर करावं लागतं. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. तिथे टेबलाच्या अलीकडून जे दिसतं, ते पलीकडे बसलेल्या माणसाला कळावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं काम: फोन करणारा कोण, ते ठरवा

पहिल्याच फोनवर काही कबूल करू नका, आणि भांडूही नका. बोलणाऱ्याचं नाव, एजन्सीचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक आणि थकबाकीचा आकडा एवढं विचारून वहीत लिहा. "तपशील ईमेलवर पाठवा, पाहून कळवतो" म्हणा आणि फोन ठेवा. फोनवर कितीही गोड किंवा कितीही कडक बोलणं झालं, तरी हातात कागद आल्याशिवाय त्याला काही किंमत नाही.

फोन तीन प्रकारच्या माणसांचा असू शकतो. एक, खुद्द बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा कर्मचारी. दोन, बँकेने नेमलेल्या एजन्सीचा माणूस. तीन, ज्या कंपनीने तुमचं थकीत कर्ज बँकेकडून विकतच घेतलं आहे, तिचा माणूस; अशा कंपनीला मालमत्ता पुनर्रचना कंपनी म्हणतात. तिसऱ्या प्रकारात आता तुम्ही बँकेचं देणं लागत नाही, त्या कंपनीचं लागता. म्हणून कर्ज हस्तांतरित झाल्याचं पत्र मागा आणि जुन्या बँकेकडूनही त्याची लेखी खात्री करून घ्या. ते होईपर्यंत कुणालाच पैसे देऊ नका.

एजन्सी नेमली असेल, तर तिचा तपशील कर्जदाराला कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेने हा नियम २००८ सालीच केला. घरी येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असायला हवी. ती दाराशीच मागायची, घरात बोलावल्यानंतर नाही. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जाच्या बाबतीत तर एजंटने संपर्क करण्याआधीच त्याचा तपशील तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने मिळायला हवा. तुमच्या फोनमधली नावं, फोटो आणि कॉलची यादी पाहण्याची परवानगीही ॲपला मागता येत नाही. बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी रिझर्व्ह बँकेला कळवलेल्या कर्ज ॲपची यादी तिच्या संकेतस्थळावर २०२५ पासून पाहायला मिळते. ज्या ॲपचं तुम्हाला देणं आहे असं सांगितलं जातं, ते त्या यादीत आहे का, हे पाहा. बेकायदा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते. मॉर्फ केलेल्या फोटोंची धमकी असेल, तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लगेच लावा.

कर्ज फार जुनं असेल, तर इथे जरा थांबा. साध्या विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी तुम्ही देणं लेखी मान्य केलंत किंवा थोडी रक्कम भरलीत, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. "निदान ५०० रुपये तरी टाका, खातं चालू दिसू दे" या आग्रहामागे कधीकधी हेच असतं. देणं बुडवा असं मी सुचवत नाही. पण सहा-सात वर्षांपूर्वीचं कर्ज असेल, तर सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. मुदत संपली म्हणून क्रेडिट रिपोर्टमधली नोंद मात्र पुसली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरं काम: रिपोर्ट काढा आणि ओळ न् ओळ वाचा

आपण सगळेच ‘सिबिल’ म्हणतो, पण आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनाही २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा लागू आहे. प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा, एखाद्या तिसऱ्याच ॲपवरून नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँका जी चौकशी करतात, ती वेगळी.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. पण त्या आकड्याकडे पाहून घाबरू किंवा हरखू नका, आत वाचा. सर्वांत आधी नाव, जन्मतारीख आणि पॅन तपासा. दुसऱ्याच कुणाचं कर्ज तुमच्या नावावर लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत; एका गावात एकाच नावाचे चार पाटील असले की असं होतं. मग प्रत्येक खात्यात तुमची भूमिका काय लिहिली आहे ते बघा: स्वतः कर्जदार, सहकर्जदार, की जामीनदार. जामीनदारांना इथेच धक्का बसतो. मित्राने पतपेढीतून किंवा बँकेतून कर्ज काढताना सही दिलेली असते, ती आपण विसरून जातो. कायद्याने मात्र जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि मित्राचा बँकेतला हप्ता थकला की डाग तुमच्याही रिपोर्टवर पडतो.

पुढे खात्याची स्थिती दिलेली असते. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडलं. ‘सेटल्ड’ म्हणजे कमी रकमेत मिटवलं. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबात ते कर्ज बुडीत खाती टाकलं. याचा अर्थ कर्ज माफ झालं असा अजिबात नाही. वसुली चालूच राहते. ‘सूट फाइल्ड’ म्हणजे दावा दाखल झाला आहे. त्याखाली महिन्यागणिक चौकटी असतात, आणि हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा त्यांत असतो. यालाच डीपीडी म्हणतात. ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. त्यात तुमचा दोष नाही. सिबिलच्या रिपोर्टमध्ये असा मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा इतिहास दिसतो.

त्या चौकटींचं गणित

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. प्रामाणिक माणसाचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं, आणि तेही त्याला कळत नाही.

समजा, ८,००० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आहे. जानेवारीत आजारपणामुळे तो चुकला. फेब्रुवारीपासून तुम्ही पुन्हा दर ५ तारखेला ८,००० भरू लागलात. तुमच्या मते चूक एकच झाली. पण फेब्रुवारीत भरलेले पैसे आधी जानेवारीच्या हप्त्यात जातात, कारण जुनं देणं आधी वळतं होतं. म्हणजे फेब्रुवारीचा हप्ता थकीतच राहिला. मार्चमध्ये भरलेला त्याला लागला, की मार्चचा थकला. त्यामुळे जानेवारीअखेर साधारण २६ दिवस थकीत, फेब्रुवारीअखेर २३, मार्चअखेर पुन्हा २६, असं वर्षभर चालतं. एक हप्ता चुकला आणि डाग पडले बारा. शिवाय दर महिन्याला दंड लागतो तो वेगळाच.

यावर उपाय एकच. कोणत्याही एका महिन्यात दोन हप्ते एकदम भरा आणि खातं शून्यावर आणा. उसने घ्यायचे झाले, तर घरच्या माणसाकडून बिनव्याजी घेऊन हे एकदा उरकून टाका. भरल्यावर बँकेकडून खात्याचा उतारा मागा आणि ‘थकीत रक्कम शून्य’ हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दंडाचे दीडशे-दोनशे रुपये राहिले, तर तेवढ्यासाठीही खातं थकीत दिसू शकतं.

थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादक, म्हणजेच एनपीए होतं. त्याआधी ३० आणि ६० दिवसांचे टप्पे असतात. वसुलीवाले त्यांना ‘बकेट’ म्हणतात. एजंटचा महिना याच बकेटांवर मोजला जातो: खातं पुढच्या बकेटमध्ये जाऊ द्यायचं नाही. म्हणून महिनाअखेरीला फोन वाढतात आणि "एवढा एकच हप्ता टाका, सगळं क्लिअर होतं" असं सांगितलं जातं. त्याचं काम एका हप्त्याने भागतं, तुमची नोंद मात्र भागत नाही. एकदा खातं एनपीए झालं, की एक-दोन हप्ते भरून ते नियमित होत नाही. थकलेलं सगळं मुद्दल आणि व्याज भरल्यावरच ते पुन्हा नियमित होतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

क्रेडिट कार्डाचं गणित वेगळ्या तऱ्हेने बोचतं. ६०,००० रुपये बाकी आहे आणि महिना साडेतीन टक्के व्याज आहे असं धरा. व्याज २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. ‘किमान रक्कम’ म्हणून तुम्ही पाच टक्के, म्हणजे ३,००० भरलेत, तर मुद्दलातून जेमतेम ५२२ रुपये गेले. किमान रक्कम भरली की डीपीडी वाढत नाही हे खरं, पण कर्ज तिथेच उभं राहतं. कार्डाचा वापर बंद करून ती बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मागा. बहुतेक बँका देतात.

तिसरं काम: त्रास होत असेल तर तो नोंदवा

कर्ज थकलं म्हणून तुमची अब्रू कुणाच्या मालकीची होत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी स्पष्ट सांगितलं: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा दमदाटी करायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना किंवा संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांना छळायचं नाही, निनावी फोन करायचे नाहीत. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी वेळ आणखी कमी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. आणि वसुली घरी नव्हे, तर दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची असते. सलग दोन किंवा जास्त वेळा तुम्ही तिथे आला नाहीत, तरच कर्मचारी घरी येऊ शकतो. गावाकडे बायकांच्या दारात रात्री ठिय्या देऊन बसणारे असतात. त्या बायकांपर्यंत हा नियम पोचायला हवा.

वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावलं आहे. "पोलीस येऊन उचलून नेतील" ही धमकी पोकळ असते. कर्ज न फेडता येणं हा दिवाणी मामला आहे. चेक वटला नाही किंवा खोटी कागदपत्रं दिली असतील, तर गोष्ट वेगळी.

एका वहीत तारीख, वेळ, नंबर आणि नेमके शब्द लिहीत जा. फोन रेकॉर्ड करा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. मजकूर साधा असू द्या:

"विषय: कर्ज खाते क्रमांक … संदर्भात वसुली एजंटच्या वर्तनाची तक्रार. महोदय, दिनांक … रोजी रात्री ९.१० वाजता … या क्रमांकावरून मला आणि त्यानंतर माझ्या सासऱ्यांना फोन आला. सासरे या कर्जाचे जामीनदार नाहीत. फोनवर … असे शब्द वापरले गेले. रेकॉर्डिंग जोडले आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार हे वर्तन निषिद्ध आहे. कृपया (१) संबंधित एजन्सीचे नाव व अधिकारपत्र मला पाठवावे, (२) यापुढील संपर्क लेखी अथवा माझ्याच क्रमांकावर सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत व्हावा, (३) खात्याचा आजअखेरचा तपशीलवार उतारा द्यावा."

या तक्रारीचा आणखी एक उपयोग आहे. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना बँकेने ते प्रकरण एजंटकडे सोपवू नये, असं २००८ चा नियम सांगतो. तक्रार निव्वळ वेळकाढूपणाची आहे अशी बँकेची खात्री झाली तरच त्याला अपवाद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, फोन १४४४८. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. जिवाची किंवा मारहाणीची धमकी असेल, तर ३० दिवस थांबू नका. थेट पोलीस ठाण्यात जा. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे.

पतसंस्थेचं कर्ज असेल, तर मात्र लोकपालाचं दार उघडत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. विनापरवाना सावकाराचा जाच असेल, तरी जायचं ते जिल्हा उपनिबंधकाकडेच.

आणि या फोनांनी जीव नकोसा झाला असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. कर्जाचं काय करायचं ते पुढच्या आठवड्यातही ठरवता येईल.

चौथं काम: कसं फेडायचं ते ठरवा

एका कागदावर सगळी देणी मांडा: कुणाचं, किती, व्याज किती, तारण काय, किती दिवस थकलं. जी खाती अजून नियमित आहेत, ती काहीही करून नियमितच ठेवा. थकलेलं एक खातं सावरण्यासाठी चांगली दोन खाती बिघडवणारी माणसं मी खूप पाहिली. राहतं घर तारण असलेलं कर्ज सर्वांत आधी. जुनं फेडायला नव्या ॲपचं कर्ज तर घेऊच नका. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: ज्या बँकेचं कर्ज थकलं आहे, तिथेच पगार जमा होत असेल, तर बँक त्या खात्यातून रक्कम वळती करू शकते. घरखर्चाचा पैसा दुसऱ्या बँकेत ठेवा.

नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तर ९० दिवस उलटण्याआधीच शाखेत जा. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुनर्रचनेची नोंदही रिपोर्टमध्ये होऊ शकते, पण ती ‘रिटन ऑफ’ किंवा ‘सेटल्ड’इतकी जड नसते.

पूर्ण फेडणं झेपत असेल, तर तेच करा, भले त्याला सहा महिने जास्त लागोत. बोलणी करताना मुद्दल आणि नियमित व्याज पूर्ण द्यायची तयारी दाखवा आणि दंड तेवढा माफ मागा. दंडावर पुन्हा व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. उताऱ्यात तसं दिसलं, तर बोट ठेवून विचारा. दंड परत घेतल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवाल का, हेही लेखी विचारा.

काहीच शक्य नसेल, तर तडजोड. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काही घरांना तोच एक मार्ग उरतो. पण त्याची किंमत आधी माहीत असावी. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लागतं. त्याच बँकेकडून पुढचे निदान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही. शेतीकर्ज वगळता इतर कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीत तशी अट आहे. पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचं चालणार नाही. पत्रात खाते क्रमांक, एकूण बाकी, तडजोडीची रक्कम, भरण्याच्या तारखा, त्यानंतर काहीही देणं उरत नाही हे वाक्य, दिलेले कोरे चेक परत करण्याची आणि खात्यातून आपोआप होणारी कपात बंद करण्याची हमी, आणि क्रेडिट कंपन्यांना कोणती स्थिती कळवणार, हे सगळं असायला हवं. हप्त्यांत तडजोड ठरली असेल, तर एकही तारीख चुकवू नका. चुकली की अनेक पत्रांतल्या अटीनुसार सवलत रद्द होते. पैसे थेट कर्ज खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही.

"हप्ते भरणं बंद करा, आम्ही सगळी कर्जं मिटवतो" म्हणणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती हल्ली फार दिसतात. हप्ते बंद झाल्यावर डाग तुमच्या रिपोर्टवर पडतो आणि फी त्यांच्या खिशात जाते. बँकेशी तडजोड करायला मध्यस्थ लागत नाही.

नोटीस आली तर

नोटीस न घेता परत पाठवणं ही आपल्याकडची जुनी सवय. ती सोडा. चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली, तर कलम १३८ चा खटला टळतो. सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस म्हणजे तारण मालमत्तेवर जप्तीची पहिली पायरी. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचं उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेतला, तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही.

पतसंस्था वसुलीसाठी ‘१०१ चा दाखला’ काढते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाच्या कार्यालयात त्याची सुनावणी होते, आणि तिथे कर्जदाराला व जामीनदाराला हजर राहून म्हणणं मांडता येतं. बहुतेक लोक जात नाहीत. एकदा दाखला निघाला, की त्याविरुद्ध फेरतपासणीला जाण्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सुनावणीची तारीख चुकवू नका.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरायचं कारण नाही, ते तडजोडीचं आमंत्रण असतं. पण तिथे केलेल्या सहीवर अपील नाही, तेव्हा झेपेल तोच आकडा मान्य करा. वकील परवडत नसेल, तर १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पाचवं काम: नोंद दुरुस्त करून घ्या

पैसे भरले की पावती, ‘थकबाकी नाही’ असा दाखला आणि शून्य बाकीचा उतारा, हे तिन्ही घ्या. घराची कागदपत्रं तारण असतील, तर कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत ती परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला क्रेडिट कंपन्यांकडे माहिती पाठवावी लागते. तरीही महिना-दीड महिना जाऊ द्या आणि मग चारही रिपोर्ट काढा. एका ठिकाणी दुरुस्ती झाली आणि दुसरीकडे जुनंच राहिलं, असं नेहमी घडतं. चूक दिसली, तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार नोंदवा आणि तीच तक्रार दाखल्यासह बँकेलाही पाठवा, कारण बँकेने मान्य केल्याशिवाय कंपनी आपणहून नोंद बदलत नाही. दोघांना मिळून ३० दिवस असतात. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार नोंदवताना म्हणूनच बँक खात्याचा तपशील विचारला जातो. तेही नाकारलं, तर पुन्हा लोकपाल. क्रेडिट कंपन्याही आता त्याच्या कक्षेत आहेत.

खरी नोंद मात्र कुणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. कंपन्या ही माहिती निदान सात वर्षं जपून ठेवतात. ‘सेटल्ड’ बदलून ‘क्लोज्ड’ करायचं असेल, तर सोडून दिलेली रक्कम भरायची तयारी दाखवून बँकेला अर्ज करावा लागतो. बँकेने स्वीकारलं तर स्थिती बदलते. जुन्या महिन्यांच्या चौकटी तशाच राहतात, पण नव्या महिन्यांबरोबर त्या मागे सरकत जातात.

नवी पत उभारायला मोठं काही लागत नाही. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर महिन्याचं वीजबिल तेवढं भरा आणि पूर्ण रक्कम तारखेआधी चुकती करा. मर्यादेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त वापर नको. सहा बँकांत एकाच वेळी अर्ज नकोत, प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

माझ्या मावसबहिणीने उरलेले ७५,००० रुपये दोन वर्षं साठवून भरले. बँकेने दाखला दिला. नोंद मात्र पहिल्या तक्रारीत तीनच ठिकाणी बदलली, चौथीसाठी पुन्हा लिहावं लागलं. आता ती चार कंपन्यांचे फुकट रिपोर्ट एकदम काढत नाही. जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, जुलैत तिसरीचा, ऑक्टोबरमध्ये चौथीचा. म्हणजे वर्षभर दर तीन महिन्यांनी एक नजर, आणि खर्च काही नाही.